बांधावरचा खांदा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक मानकरी होता. त्याचा मान असा, की शिमग्याला ग्रामदेवीच्या पालखीचा दांडा पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर चढे. त्याआधी पालखी जागची हलत नसे.

पालखी पाच दिवस घरोघर फिरे. घरं विखुरलेली, कुठलं ओढ्याकाठी तर कुठलं टेकाडावर, आणि मधे शेतांचे अरुंद बांध. दांड्याला पुढे दोघं, मागे दोघं. गावाची एक जुनी रीत होती. दोन शेतांमधला बांध आला की खांदा बदलायचा, आणि बदलताना अलीकडच्या अन् पलीकडच्या शेतवाल्यांनी चार पावलं दांडा मिळून धरायचा. मग त्यांचं वर्षभर बोलणं नसो, कोर्टात खटला असो, नाहीतर एकानं दुसऱ्याची कोंबडी खाल्लेली असो! उंच माणूस गुडघ्यात वाके, बुटका टाचा उंचावे, आणि चार पावलांत निम्मं भांडण तिथंच विरून जाई.

एका वर्षी मानकऱ्याचा गुडघा धरला. शहरातून येणाऱ्या चाकरमान्यांना रजा दोनच दिवसांची. पोरंही कुरकुरू लागली, "तात्या, पाच दिवस कोण वणवण करणार हो?" मानकऱ्यानं देवळात बैठक बोलावली आणि सांगून टाकलं, "यंदापासून पालखी टेंपोतून. सकाळी निघायचं, दुपारी जेवायला घरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या, उगाच एकट्याच्या माथी खापर कशाला फोडा? त्यातही काशीराम आणि तुळाजी, एका बांधाचे दोन शेजारी, ज्यांचं एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं सख्य, ते सगळ्यांत जोरात वाजवत होते.

मानकऱ्याचं स्वतःचं घर टेकाडावर. तिथवर टेंपो चढणं शक्यच नव्हतं. घरी म्हातारी आई तांदूळ निवडत बसली होती.

"मग आपल्या अंगणात पालखी?" तिनं विचारलं.

"आई, तू खाली रस्त्यावर ये. सगळेच येणार आहेत."

"मी येईन रे. पण बांधावरनं कोण जाणार?"

"आता बांधावरनं जायचंच कशाला?"

म्हातारी पुन्हा सूप घेऊन बसली.

शिमग्याला ती सकाळपासून ओटीचा नारळ घेऊन रस्त्याकडेला बसून राहिली. टेंपो आला, दिव्यांच्या माळा, भोंग्यावर ढोलाची रेकॉर्ड, काय विचारता थाट! मानकरी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. आईनं हात वर केलेला त्यानं पाहिला. पण अजून बारा ठिकाणी थांबायचं होतं, मागून हॉर्न वाजत होते. येताना थांबू, असं त्यानं मनाला सांगितलं, आणि येताना विसरला.

म्हातारी नारळ घेऊन परत टेकाड चढली. "देवीला घाई होती वाटतं," एवढंच म्हणाली. त्या वाक्यानं मानकऱ्याला रात्रभर झोप लागली नाही. पण पुढच्या वर्षीही टेंपोच निघाला.

दुसऱ्या वर्षी रस्त्यावर माणसं निम्मी. तिसऱ्या वर्षी निरोप आले, "तात्या, पालखीचा फोटो ग्रुपवर टाका, घरूनच हात जोडतो." चौथ्या वर्षी टेंपोत देवी, ड्रायव्हर आणि मानकरी. भोंग्यावरचे ढोल मात्र पहिल्यासारखेच वाजत होते.

त्याच साली श्रावणात, भर दुपारी, आईच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स खाली रस्त्यावर येऊन थांबली. आता म्हातारीला टेकाडावरून बांधाबांधानं खाली न्यायचं होतं. मानकऱ्यानं घोंगडीला बांबू लावून डोली केली आणि हाका मारल्या.

माणसं आली नाहीत असं नाही, हे सांगायलाच हवं. आठ जण चिखल तुडवत धावत आले. चौघांनी डोली उचलली, आणि तिथंच घोटाळा झाला. उंच होता तो वाकेना. पुढचे घाई करत, मागचे घसरत. डोली हिंदकळली की म्हातारी कण्हे. तीनदा डोली चिखलात टेकवावी लागली. एके काळी हेच लोक पालखी घेऊन ही वाट पान लावून होईपर्यंत उतरत.

मग काशीराम-तुळाजीचा बांध आला. उचलणारे पार दमले होते. बांधाच्या अलीकडे काशीराम, पलीकडे तुळाजी, दोघंही मदतीलाच आलेले, आणि दोघंही हात खाली सोडून उभे. आधी त्यानं धरावं, असं दोघांच्याही मनात.

"अरे धरा रे! पाया पडतो तुमच्या!" मानकरी ओरडला.

दोघं एकदम धावले, डोलीच्या एकाच बाजूला धावले. बांबू कलला. डोली पुन्हा खाली ठेवावी लागली.

म्हातारीनं डोळे किलकिले केले. "का रे थांबली पालखी?"

मानकरी तिच्याजवळ वाकला. "बांध आलाय, आई. खांदा बदलतायत."

"हां, बदला, बदला. सांभाळून हो पोरांनो," ती म्हणाली, आणि समाधानानं डोळे मिटून घेतले.

डोली पुन्हा उचलली तेव्हा म्हातारी गेली होती. अँब्युलन्स रिकामीच परत गेली.

पुढच्या शिमग्याला मानकऱ्यानं टेंपोवाल्याला नको म्हणून सांगितलं. दुखरा गुडघा आवळून बांधला, देवळात जाऊन दांड्याला खांदा लावला आणि वाट पाहत उभा राहिला. खिशात फोन वाजत होता, "तात्या, पालखी निघाली की फोटो टाका."

बऱ्याच वेळानं काशीराम आला. दांड्याच्या मागच्या बाजूला उभा राहिला. दोघंही वाटेकडे बघत होते. तुळाजी आला नाही. ऊन कलेपर्यंत दुसरंही कुणी आलं नाही. पालखीला चार खांदे लागतात, दोघांना ती उचलत नाही. त्या वर्षी देवी देवळाबाहेर पडली नाही.

तात्पर्य: सणाचं ओझं चाकांवर टाकलं, की ते मिळून उचलायची सवयही सुटते, आणि मग संकटात माणसं धावून आली, तरी त्यांची पावलं जुळत नाहीत.