भिंतीपलीकडचं बटण

"तुझ्या भिंतीपलीकडे कोण राहतं?"

कैतान मास्तरांनी हे विचारलं, तेव्हा एल्टन वहीचं तिसरं पान वाचून दाखवत होता.

वहीत अकरा ॲम्प्लिफायरची नावं होती. सगळे व्हॉल्व्हचे, सगळे लहान, सगळे परवडणारे. काही नावांपुढे एक चांदणी होती, काहींपुढे दोन. आठ महिने खपून त्याने ती यादी केली होती.

"भिंतीचं काय, मास्तर? मी विचारतोय, यातला कुठला घेऊ?"

मास्तर एका जुन्या ॲम्पच्या पोटात डोकं घालून तारेला कथलाचा डाग देत होते.

वसईत, केळीच्या बागेला लागून मास्तरांची पडवी. चर्चच्या गायकांना शिकवण्यात आणि जुने रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. ज्या काचेच्या दिव्यांना लोक व्हॉल्व्ह म्हणतात, ते तापल्याशिवाय बोलत नाहीत. मास्तरही तसेच, असं गावात म्हणत.

एल्टनने गिटार पहिल्यांदा हातात धरली ती याच पडवीत. पुढे वीस वर्षं तो लग्नांच्या बँडमध्ये वाजवत राहिला. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. मग बँडने दुसरा वादक घेतला, आणि वाजवायला एल्टनला घरच तेवढं उरलं.

"पलीकडे कोण राहतं?"

"कोणी नाही."

मास्तरांनी मान वर केली.

"म्हणजे… एक म्हातारी आहे. फिलूमावशी. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नाही. मी वाजवायला बसलो की बत्त्याने भिंत ठोकते. सोसायटीत तक्रारसुद्धा केली. आता आणखी एक तक्रार आली, तर माझी घरातली गिटार कायमची बंद. म्हणून तर लहान ॲम्प हवाय."

"ठोकते कुठे?"

"सांगितलं ना, भिंतीवर."

"गाण्यात कुठे?"

एल्टनने याचा विचार कधी केला नव्हता.

"ती ठोकते तेव्हा तू काय करत असतोस?"

"आवाज जुळवत असतो. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार एकटीच वर चढते ना, तिथे माझा आवाज फिका पडतो. बँडचा मोठा ॲम्प घरात आवाज दाबून ठेवला की त्याचा जीवच जातो. मग थांबायचं, बटणं फिरवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

"रोज?"

"रोज."

मास्तरांनी त्याच्या हातातली वही घेतली, मिटली आणि कथलाच्या गरम डबीखाली ठेवली.

"रविवारी दुपारी येतो," ते म्हणाले.

रविवारी मास्तर रिक्षाने आले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं खोकं होतं, पावाच्या लादीपेक्षा थोडंसं मोठं. त्याला एकच बटण.

एल्टनने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हा माझ्या यादीत नाही."

"नाही."

"एकच बटण?"

"आवाज वाढतो, कमी होतो. तू पलीकडे जाऊन बस."

"पलीकडे कुठे?"

"फिलूमावशीकडे."

"मी? त्या बाईच्या घरात?"

"ॲम्प निवडायचाय ना?"

"हो, पण…"

"मग कान तिकडे पाहिजे."

एल्टनने चप्पल घातली. दोन दारांमधलं अंतर सहा पावलांचं, पण ते ओलांडायला त्याला बराच वेळ लागला.

फिलूमावशी स्वयंपाकघरात पाटावर बसून सुकट निवडत होती. बत्ता भिंतीजवळ, हाताशीच होता.

"तू इथे?" ती म्हणाली. "मग तिकडे काय भूत वाजवणार आहे?"

"मास्तर आलेत."

"बस मग. चहा मिळणार नाही, हात वासाचे आहेत."

पलीकडे आधी एल्टनचा मोठा ॲम्प सुरू झाला. मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या. गाण्याचं काहीच कळेना. नुसतं धब्… धब्… कोणीतरी ओली गादी झोडपावी तसं.

एल्टनला वाटलं, मास्तर मुद्दाम वाईट वाजवताहेत.

"हे काय आहे?"

"तुझं गाणं," मावशी म्हणाली. "रोज हेच असतं."

धबधब थांबली. बराच वेळ काहीच नाही. लहान खोक्यातले दिवे तापत असावेत. मावशी सुकट निवडत राहिली. एल्टन ताटल्यांकडे बघत बसला.

मग भिंतीतून गाणं आलं.

बारीक होतं, पण सबंध होतं. एकेक सूर वेगळा कळत होता. मावशीचे हात सुपात थांबले. काही न बोलता तिने पाट भिंतीकडे सरकवला.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. गिटार एकटीच वर चढू लागली…

आणि मास्तर थांबले.

मावशीने बत्ता उचलला आणि दोनदा भिंतीवर हाणला.

"बघा!" एल्टन ताडकन उठला. "एवढासा आवाज, तरी ठोकलंत! म्हणजे तुम्हाला गाणंच नकोय!"

"आवाजाचं कोण बोललं?"

"मग ठोकलंत कशाला?"

"थांबला म्हणून."

एल्टन उभाच राहिला.

"अरे बाबा, आठ महिने झाले," मावशी म्हणाली. "रोज वरात निघते, बाजा वाजतो, नवरी दारापर्यंत येते, आणि तू तिला परत माहेरी धाडतोस. पुन्हा वरात, पुन्हा बाजा. एकदा तरी तिला उंबरठ्याच्या आत घे की! मी इथे म्हातारी झाले वाट बघून."

"मग तक्रार?"

"सेक्रेटरीला मी हेच सांगितलं होतं, की हा गाणं पुरं करत नाही. तो म्हणाला, मावशी, अर्धवट गाण्याला नियम नाही, आवाजाला आहे. मग त्याने आवाज लिहिलं. मला कुठे वाचता येतं?"

एल्टनने निघताना तिच्या हातातून बत्ता घेऊन तो खाली ठेवला. मावशीने तो पुन्हा उचलून आपल्या जागी ठेवला.

घरी मास्तर गिटार मांडीवर घेऊन बसले होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"ॲम्प कसा आहे?"

"चांगला आहे. पण मास्तर, वरच्या जागेला थोडा फिकाच वाटतो. तिथे जर बटण जरासं…"

मास्तर वाकले. बटण दोन बोटांत धरून त्यांनी ते ओढून काढलं. खोक्यावर नुसती लोखंडी दांडी उरली.

ते उठले, सहा पावलं चालले आणि फिलूमावशीच्या दारात जाऊन ते बटण तिच्या तळहातावर ठेवून आले.

ते परतताच एल्टनने विचारलं,

"मी आवाज जुळवू कसा?"

मास्तर टॉवेलाची घडी घालत होते.

"पक्कडीने फिरवता येईल," एल्टनच म्हणाला.

"येईल."

मास्तरांनी टॉवेल काखेत धरला.

"पक्कड आहे घरात?"

"आहे."

"बरं."

मास्तर दारापर्यंत गेले. एल्टन मागे धावला.

"मास्तर, किती द्यायचे ते तरी सांगा. मला परवडायला हवा."

मास्तरांनी चपलेत पाय सरकवले.

"नवरी आधी घरात घे," ते म्हणाले. "मग परवडते का बघू."

भिंतीपलीकडचं बोलणं त्यांना ऐकू आलं होतं तर.

संध्याकाळी एल्टनने लहान ॲम्प लावला. दिवे तापेपर्यंत थांबला. मग वाजवायला लागला.

दुसऱ्या कडव्यानंतर गिटार वर चढली. आवाज फिका पडला. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. बोटांना गार दांडी लागली.

हात तारांवर परत आला.

त्या जागेत त्याचे दोन सूर चुकले. त्याला ते कळलं. पलीकडेही कळलं असेल. तो तसाच पुढे गेला. तिसरं कडवं वाजवलं, शेवट वाजवला, आणि शेवटचा सूर विरेपर्यंत तारांवर हात ठेवला नाही.

मग त्याने भिंतीकडे पाहिलं.

भिंत गप्प होती…

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलूमावशी आली. तिने पदराची गाठ सोडून बटण काढलं, दांडीवर बसवलं, आवाज थोडा वाढवला, बटण पुन्हा गाठीत बांधलं आणि आपल्या घरी गेली.