उभी पळी

फार पूर्वी भोगवर्धन नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका अमात्याच्या घरी जन्म घेतला. तक्षशिलेला शिकून ते परतले, तेव्हा राजाने त्यांना अमात्य करून त्यांच्यावर दानशाळेची देखरेख सोपवली.

दानशाळेच्या दारात राजाच्या आजोबांनी शिला उभारली होती : 'रोज एका कार्षापणाच्या तांदळाची पेज शंभर जणांना द्यावी.' नाणे, कढई, पळी, शंभरांची पंगत, काहीच बदलले नव्हते. राजाला याचा मोठा अभिमान होता.

पहिल्याच सकाळी सामा नावाची बाळंतीण पुढे आली. तिचे घर पुरात गेले होते. द्रोणात पाहून ती म्हणाली, "अमात्य, ही पेज प्यायची, की हिच्यात बघून वेणी घालायची? दूध आटलंय माझं. पोराला काय पाजू?"

मूल रडतही नव्हते. तेवढे बळ त्याच्यात उरले नव्हते.

बोधिसत्त्वांनी आचाऱ्याकडे पाहिले. "थोरल्या महाराजांच्या वेळी कढईत पळी उभी राहायची म्हणे," तो म्हणाला. "आता सोडली की बुडते."

बोधिसत्त्व धान्यबाजारात गेले. पूर्वी कार्षापणाला चार पायल्या तांदूळ मिळत. आता जेमतेम एक. नव्या खाणीतून चांदी आली होती, नाणी वाढली होती. शेते मात्र तेवढीच होती.

दरबारात त्यांनी हे सांगितले. कोषाध्यक्ष धनपालित हसला. "नाणे तेच आहे. चांदीत गुंजभर घट दाखवा."

"चांदी घटली नाही. तिला येणारा तांदूळ घटला."

"तक्षशिलेत हेच शिकवतात का हो?"

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी तांदळाचे दोन ढीग करून दाखवले, तेव्हाचा आणि आताचा. राजा म्हणाला, "पण आजोबांपेक्षा मी एक कवडी कमी देत नाही!" तिसऱ्या दिवशी धनपालिताने तेच उत्तर दिले आणि वर जांभई दिली. हातातले माप याच्या डोक्यात घालावे, असे बोधिसत्त्वांच्या मनात आले. त्यांनी माप खाली ठेवले, घरी गेले आणि चौथ्या दिवशी परत आले.

"महाराज, माझेच चुकत असेल. एकच विनंती आहे. कोषाध्यक्षांचे वेतन थोरल्या महाराजांच्या काळापासून तांदळात दिले जाते. यापुढे ते त्या वेळच्या भावाने नाण्यांत द्यावे. नाणे तेच आहे, त्यांचे काही जाणार नाही."

"आणि माझ्या घरच्यांनी काय नाणी चघळायची?" धनपालित ओरडला. "तेवढ्यात चौथा हिस्सासुद्धा तांदूळ यायचा नाही!"

सभेत कोणीतरी खुदकन हसले. राजा हसला नाही. तो उठून तडक दानशाळेत गेला आणि स्वतःच्या हाताने कढईत पळी सोडली. ती बुडाली.

त्याच दिवशी चार पायल्या तांदूळ शिजला. शिलेवरची जुनी अक्षरे पुसून नवी कोरली गेली : 'पळी उभी राहील इतका तांदूळ, नाणी लागतील तितकी.' दरवर्षी राजाने स्वतः पळी सोडून पाहावी, असा नेमही ठरला. पुढे दानशाळेत एक मूल इतक्या जोरात रडू लागले, की शेजारी राहणाऱ्या धनपालिताने झोपमोडीची तक्रार केली. ती कोणी ऐकली नाही.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आनंद, सामा म्हणजे उप्पलवण्णा, आणि धनपालित म्हणजे मघापासून जांभया देणारे हे उदायी. चीड आलेली असूनही तीच गोष्ट चौथ्यांदा शांतपणे सांगणारा अमात्य मीच होतो. हीच क्षांती पारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."