सगळंच अर्जंट

“पण बुवा, सगळंच अर्जंट असेल, तर माणसाने आधी काय उरकायचं?”

हेरंब दातारने अगदी हेच विचारलं, हे मी शपथेवर सांगतो. मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो. म्हणजे खांब नव्हता. खरं तर मीही नव्हतो. पण मला ज्याने सांगितलं तो सहसा खोटं बोलत नाही.

भानाबुवांनी तीस वर्षं सायकलवरून तारा वाटल्या. तारा बंद पडल्या तेव्हापासून ते नदीकाठच्या दत्तमंदिरात राहतात. हेरंब पुण्याहून मोटार घेऊन आलेला. मोठा साहेब. मांडी घातलेली, पण गुडघा सारखा हलत होता.

“अर्जंट म्हणजे काय रे?” बुवांनी विचारलं.

“जे थांबू शकत नाही ते.”

“दाखव.”

हेरंबने फोन काढला. “हे बघा. टेंडर, अर्जंट. सोसायटीची मीटिंग, अर्जंट. मेव्हण्याच्या टाइल्सचा रंग, अर्जंट.”

“रंग थांबत नाही?”

“मेव्हणा थांबत नाही, बुवा!”

बुवा हसले. “आणि ज्यावर तो शब्दच नाही, असं आहे का काही?”

हेरंबचं बोट वर सरकत राहिलं. बराच वेळ...

“एक आहे. अक्काचा. माझी थोरली बहीण, सिन्नरला एकटी असते. ‘सवड झाली की येऊन जा. घाई नाही.’ एवढंच.”

“कधीचा?”

“...सतरा दिवस झाले.”

“याआधी कधी बोलावलं होतं तिने?”

“अक्काने? छे. तीच यायची. डबे घेऊन. आई गेल्यावर मला तिनेच...”

त्याचा गुडघा हलायचा थांबला.

“अर्जंट तार दिसली की बाया ती फोडायच्या आधीच रडायला लागायच्या,” बुवा म्हणाले. “आत असायचं, ‘बदली मंजूर’. मग मलाच शिव्या.”

“आणि खरी वाईट बातमी?”

बुवा उठले. उंबऱ्याबाहेर गेले, हेरंबच्या चपला उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट जोडून ठेवल्या.

“अहो बुवा, तुम्ही कशाला माझ्या चपलांना हात...”

“वय झालं. दुसरं काही उचलवत नाही.”

हेरंब झटकन उठला, पाया पडला आणि तडक सिन्नरच्या रस्त्याला लागला.

आता कबूल करतो. हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. चारचौघांत सांगताना बरं वाटतं म्हणून मीच जोडलंय. बाकीच्याची हमी घेतो, निदान बरीचशी.

घडलं ते असं. त्याने चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरला. तेवढ्यात फोन वाजला आणि तो तिथेच पायरीवर बसला. फोनवर हात ठेवून, मागे न बघता म्हणाला, “निघालोच बुवा. पाच मिनिटं फक्त.”

नदीवर वारा सुटला होता. बुवा दारात उभे राहिले, पूर्वी तार घेऊन राहायचे तसे.

“पाचच ना?” ते म्हणाले. “बहुतेक घरांना तेवढाच उशीर झालेला मी पाहिलाय.”