तेलाचा माग

बोलिंग शिकवण्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस आपल्याकडे सहसा भेटत नाही. पण एका शहरात असे एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना मुजुमदार सर म्हणत. वय चौऱ्याहत्तर, बोलणं मोजकं, खांद्यावर सदैव एक पांढरा पंचा. शाल्मली कुंटे ही त्यांची शिष्या. एकतीस वर्षांची, पेशाने फार्मासिस्ट. तिचा हात उत्तम होता, नजरही उत्तम. मन मात्र घटकाभर एका जागी ठरत नसे. राज्याच्या संघात निवड व्हावी म्हणून ती चार वर्षं धडपडत होती आणि दर वर्षी काहीतरी आड येत होतं. कधी बूट, कधी चेंडूतलं अंगठ्याचं भोक, एकदा तर हॉलमधला एसी.

पाचव्या वर्षी सरांनी तिला युरेथेनचा चेंडू घ्यायला लावला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं. ज्या लांब, गुळगुळीत लेनवरून चेंडू पिनांकडे जातो, तिच्या पुढच्या भागावर सकाळी यंत्राने तेल घालतात. तेलावर चेंडू घसरतो आणि पलीकडच्या कोरड्या भागात वळतो. हल्ली बहुतेक जण रेझिनचा चेंडू वापरतात. त्याचा बाहेरचा थर तेल शोषून घेतो आणि कोरडी जागा लागली की तो झपकन वळतो. युरेथेनचा चेंडू सौम्य प्रकृतीचा. तो हळूहळू, सांभाळून वळतो. तेल फार असेल तर मात्र नुसताच सरळ घसरत जातो.

"तेल थोडं असेल त्या दिवशी हा बॉल तुझा," सर म्हणाले होते, "पण याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. हा तेल पीत नाही."

शाल्मलीने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

निवडीचा दिवस आला. सकाळी तीन गेम, दुपारी तीन. एकूण गुणांत पहिल्या चौघींची निवड होणार. लेनवर त्या दिवशी जेमतेम अर्ध्यापर्यंत तेल होतं. इतरांचे रेझिनचे चेंडू पुढे जाऊन वेडेवाकडे वळत होते आणि शाल्मलीचा चेंडू सांगितल्यासारखा पिनांच्या पोटात शिरत होता. ओळीने सहा स्ट्राइक, म्हणजे सहा वेळा एकाच फेकीत दहाही पिना आडव्या. दोनशे सव्वीस गुण. एरवी दर फेकीनंतर ती फडक्याने चेंडू पुसत असे. पण आता तेवढाही धीर तिला धरवेना. चेंडू परत आला की उचलायचा आणि टाकायचा.

दुसऱ्या गेमपासून चेंडू उशिरा वळू लागला. कोपऱ्यातली पिन उभी राहायची. तिने वेग वाढवला, तसा तो आणखीच सरळ जाऊ लागला. एकशे एक्याऐंशी. तिसऱ्या गेममध्ये एकशे एकोणपन्नास. तिच्याच लेनवर खेळणारी दुसरी मुलगी डावखुरी होती. ती डाव्या कडेने रेझिनचा चेंडू टाकत होती आणि तिचं सगळं सुरळीत चाललं होतं. हे शाल्मलीला फार झोंबलं.

मग तिला आठवलं. पहिल्या गेमनंतर गुलाब तडवी हातात फडकं घेऊन लेनच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला होता. तेलाचं यंत्र चालवणारा माणूस तोच. तो आणि ती डावखुरी मुलगी एकाच तालुक्यातले. सकाळी दोघं कशावरून तरी हसतही होते. एवढं पुरे झालं. जेवणाची सुट्टी होताच ती संयोजकांकडे गेली आणि लेनच्या उजव्या बाजूला मुद्दाम तेल लावलं गेल्याचा लेखी अर्ज देऊन मोकळी झाली.

संयोजक घाईत होते. "कंत्राटावरचा माणूस आहे, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो," ते म्हणाले. "तुमचे शेवटचे दोन गेम रद्द. पुन्हा खेळा." त्यांनी सगळ्यांदेखत गुलाबकडून यंत्राची चावी मागून घेतली आणि त्याला सामानाच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसवलं.

शाल्मली धावतच सरांकडे आली. "सर, दोन गेम परत मिळाले! त्या गुलाबने तेल लावलं होतं."

"लावताना पाहिलंस?"

"हातात फडकं होतं त्याच्या. आणखी काय बघायचं?"

सर उठले. त्यांनी संयोजकांची परवानगी घेतली आणि कडेच्या अरुंद वाटेने तिच्या लेनच्या पार पलीकडच्या टोकाला गेले. तिथे वाकून त्यांनी खांद्यावरचा पंचा कोरड्या भागावर आडवा अंथरला आणि दोन्ही तळव्यांनी दाबत बसले. लोक बघू लागले. कोणी हसलंसुद्धा. शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन त्यांनी पंचा टेबलावर पसरला. सगळा पांढराशुभ्र, फक्त उजवीकडे दोन बोटं रुंदीची तेलाची एक रेघ. मग त्यांनी तिचा न पुसलेला चेंडू उचलून त्या रेघेशेजारी ठेवला. चेंडूभोवती तेलाचं कडं उमटलेलं होतं. कड्याची आणि रेघेची रुंदी एकच.

"माणसाने फडक्याने तेल लावलं तर ते फाकतं," सर हळू आवाजात म्हणाले. "इतकी अरुंद रेघ बॉलच ओढू शकतो, आणि त्या बाजूने आज एकच बॉल गेला. हा तेल पीत नाही, शाल्मली. अंगावर घेतो आणि पुढच्या कोरड्या जागेवर नेऊन ठेवतो. तुझा एकेक स्ट्राइक पडत होता तेव्हाच ही रेघ तयार होत होती. पुसला असतास तरी थोडं तेल पुढे गेलंच असतं, पण निदान तुझ्या डोळ्यांना दिसलं असतं. लेन बदलली हे तुझं म्हणणं खरं आहे. ती तुझ्या चांगल्या खेळाने बदलली. सगळं मनासारखं चाललेलं असतं तेव्हा आपण मागे काय सोडून जातोय ते बघत नाही. आणि पाय घसरला की जवळ कोण उभं होतं ते शोधायला लागतो."

त्यांनी पंचा गुंडाळून तिच्या हातात दिला आणि ते चहा प्यायला निघून गेले. अर्जाविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

खेळ सुरू व्हायला बारा मिनिटं उरली होती. शाल्मली दारापर्यंत गेली, परत आली. पाणी प्यायली. फोन उघडला आणि काही न बघता बंद केला. पंचा साऱ्यांनी पाहिला होता, पण त्याचा अर्थ तिच्यावाचून कोणाला कळला नव्हता. गप्प राहिली तर ते दोन गेम पुन्हा मिळत होते; आणि चूक आता तिला कळली होती, म्हणजे निवड जवळजवळ हातात होती. पाच वर्षं! ती पुन्हा दाराकडे गेली. तिथून गुलाब दिसत होता. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीबाहेर माणसं बसतात तसा तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

ती वळली आणि संयोजकांसमोर जाऊन उभी राहिली. "माझा अर्ज परत द्या."

"अहो, मान्य झालाय तो."

"चुकीचा आहे. तेल माझ्याच बॉलने पुढे गेलंय."

"मग एकशे एक्याऐंशी आणि एकशे एकोणपन्नास कायम राहतील. नीट विचार करा."

"राहू देत. लवकर द्या. आणि त्यांची चावीपण."

चावी घेऊन ती गुलाबपाशी गेली. "गुलाबभाऊ, तक्रार मी केली होती. खोटी निघाली. माझं चुकलं."

गुलाबने वर पाहिलं. "कोणाची तरी बाटली सांडली होती. ते पाणी पुसत होतो मी. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"हो. मी विचारलं नाही."

"चावी मागितली तेव्हा सगळे बघत होते, मॅडम."

त्याने हात पुढे केला नाही. शाल्मली चावी घेऊन मागे वळली. मग हॉलच्या मध्यभागी जाऊन तिने मोठ्याने सर्वांचं लक्ष वेधलं. गुलाब तडवींनी काहीही केलेलं नाही, आपण पुराव्याशिवाय आरोप केला आणि तो मागे घेतला आहे, एवढंच ती म्हणाली. तीसेक माणसांनी ते ऐकलं. ती परतली तेव्हा गुलाब उठून उभा राहिला होता. त्याने चावी घेतली आणि तो आत निघून गेला.

दुपारी तिने दर फेकीनंतर चेंडू पुसला. लेनच्या लाकडी पट्ट्यांच्या मापाने दोन फळ्या उजवीकडे सरकली, वेग कमी केला, आणि चेंडू कुठे वळतोय हे पाहून दर वेळी पावलांची जागा नव्याने ठरवली. एकशे सत्त्याण्णव, दोनशे चार, दोनशे अकरा. ती पाचवी आली, चौथीपेक्षा नऊ गुणांनी मागे.

"दुपारी फार चांगलं खेळलीस," सर म्हणाले. तिने मान हलवली. रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांसाठी गुलाबने यंत्र बाहेर काढलं. शाल्मली पिशवी घेऊन घुटमळत होती.

"गुलाबभाऊ, तेल कसं घालतात ते मी कधी पाहिलंच नाही. बघायला येऊ?"

तो यंत्राची टाकी तपासत राहिला.

"बूट काढा," तो अखेर म्हणाला. "आणि लेनवर पाय ठेवू नका. कडेने या."

शाल्मली बूट काढायला खाली बसली.