सरकारांचे लाल रॉकर आणि जैबुनची कणीक

"इंजिन पूर्ण बंद पाहिजे, आणि आतली फट आम्हाला डोळ्यांनी दिसली पाहिजे! उद्या दुपारपर्यंत दाखवा मिस्त्री, नाहीतर नोकरी सोडा आणि घर खाली करा!"

असं आम्ही बाबालाल मिस्त्रींना ठणकावलं. आम्ही म्हणजे मी एकटाच; पण संस्थानिकानं स्वतःला 'मी' म्हटलं की लोक मुजरा विसरतात. संस्थान तरी केवढं? गाडी चौथ्या गियरमध्ये पडायच्या आत आमची हद्द संपायची!

भांडण पेटलं होतं रॉकरवरून. रॉकर म्हणजे इंजिनातला बोटाएवढा दांडा. एक टोक वर ढकललं की दुसऱ्या टोकानं तो व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची झडप, खाली दाबतो. त्याचं एक टोक लांब केलं की व्हॉल्व्ह जास्त खोल उघडतो, हवा जास्त शिरते आणि गाडी जास्त पळते. रविवारी शेजारच्या जहागीरदारांशी आमची शर्यत होती. तीन वर्षं आम्ही हरत होतो. एकदा वाऱ्यामुळं, एकदा म्हशीमुळं, एकदा ऊन डोळ्यांवर आल्यामुळं. आमच्यामुळं कधीच नाही.

मिस्त्री म्हणाले होते, "सरकार, साधे पोलादी रॉकर घ्या. थोडेच लांब, सोबत जरा कडक स्प्रिंगा. बास."

आम्ही मागवले लाल रंगाचे, सगळ्यांत लांब मापाचे! लाल का? तर गाडीच्या सीटला शोभतात म्हणून. इंजिनाचं झाकण लावल्यावर ते कुणालाच दिसणार नाहीत, हे आमच्या लक्षात पार्सल फोडल्यावर आलं. मग तर माघार घेणं शक्यच नव्हतं.

"एवढ्या लांब रॉकरनं व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल, सरकार," मिस्त्री हात जोडून म्हणाले.

आम्ही रॉकर बसवायला लावले आणि इंजिन हातानं फिरवायला लावलं. फिरलं की गरागरा!

"कुठं आपटतंय?"

"हळू फिरवलं तर नाही आपटत. पण वेगात व्हॉल्व्ह परत वर ओढणाऱ्या स्प्रिंगा मागं पडतात, तेव्हा आपटेल. मधे दोन मिलिमीटर तरी फट पाहिजे."

"आणि आहे किती?"

"बंद इंजिनाच्या आत कोण बघणार, सरकार? उघडलं तर व्हॉल्व्ह वर, पिस्टन खाली. मग फट कसली मोजायची?"

इथं आम्हाला जोर चढला. दाखवा नाहीतर चालते व्हा! तीस वर्षं आमच्या गाड्या ढकलणाऱ्या माणसाला आम्ही हे बोललो. आता आठवलं तरी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात गेलो, तर मिस्त्रींच्या शेजारी त्यांची लेक जैबुन उभी! ती आमच्या मुदपाकखान्यात चपात्या करायची. हातात परात, परातीत घट्ट मळलेली कणीक.

"हे काय? इंजिनाला जेवायला घालणार?" आम्ही खो खो हसलो.

"इंजिनाला नाही. सरकारांच्या डोळ्यांना!" जैबुन म्हणाली.

मिस्त्रींनी इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उचललं. जैबुननं पिस्टनच्या डोक्यावर बोटभर जाड कणीक थापली, चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला तेल लावलं. मग हेड बसवलं, बोल्ट आवळले, आमचे लाडके लाल रॉकर चढवले.

"सरकार, इंजिन बंद आहे ना?"

"आहे!"

तिनं हातानं अलगद पुरे दोन फेरे दिले. हेड पुन्हा उघडलं. कणकेत व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता. तिनं सुरीनं तो मधोमध कापला आणि तळाशी उरलेला पापुद्रा आमच्यासमोर उजेडात धरला. पलीकडचं तिचं बोट दिसत होतं!

"एवढीच फट, सरकार. कागदाएवढी."

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं. आम्ही म्हणालो, "कणीक फसवते! दाबून सोडली की पुन्हा फुगते!"

"फुगतेच, सरकार! म्हणजे खरी फट याहूनही कमी!"

मिस्त्री खाली बघून मिशीत हसत होते. मग तिनं साधे पोलादी रॉकर चढवून पुन्हा कणीक दाबली. या वेळी फट अडीच मिलिमीटर भरली. मिस्त्रींची नोकरी राहिली, घर राहिलं. आम्ही मात्र स्टुलावर मटकन बसलो.

"म्हणजे यंदाही हरलो! छोट्या रॉकरची ताकद कितीशी? वेग आणायचा कुठून?"

"अभय असेल तर सांगते."

"दिलं!"

"ताकद आहे तेवढी पुरे आहे. ओझं कमी करा. सरकार रोज चौदा चपात्या खातात, मीच लाटते ना! रविवारी सरकार बघ्यांच्या मांडवात बसले आणि गाडी अब्बांनी चालवली, तर लाल रॉकरनं वाढला नसता तेवढा वेग वाढेल!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. आणि आम्हाला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. पोट धरून हसताना पोटाचा घेर हाताला लागायचा, की पुन्हा हसू!

"मिस्त्री, रविवारी स्टिअरिंगवर तुम्हीच! आणि जैबुन, आजपासून तू गॅरेजात, बापाच्या बरोबरीनं, बापाच्याच पगारावर. आमच्या गाडीत स्क्रूसुद्धा तुला विचारल्याशिवाय बसणार नाही!"

रविवारी आमची गाडी चार गाड्यांच्या अंतरानं जिंकली. मांडवात सगळ्यांत मोठ्यानं आम्हीच ओरडत होतो.