बिनतोंडाची माणसे

एकदा एक थोराड पुरुष बहिणीचा हात धरून घाटमाथ्यावरच्या आरोग्यशाळेत आला. त्याचे नाव रावजी. वय चाळिशीपलीकडे, पण गोष्टी उमजायला त्याला वेळ लागे आणि बोलायला त्याहून अधिक. त्याच्या पोटात गळू झाले होते. सूर्यास्तापूर्वी शस्त्रकर्म केले नाही तर ते आतच फुटेल आणि रावजी वाचणार नाही, हे पहिल्याच तपासणीत स्पष्ट झाले.

त्या आरोग्यशाळेचा एक दंडक होता. आत वावरणाऱ्या प्रत्येक सेवकाने नाकातोंडावर पांढरे कापड बांधायचे आणि रुग्णांपुढे मौन पाळायचे. नातलगांनी फाटकाबाहेर थांबायचे. या शिस्तीचा तेथे सर्वांना फार अभिमान. त्यामुळे बहीण अनसाबाई बाहेरच राहिली.

भर दुपारची वेळ होती, पण डोंगरावरून उतरलेले धुके खिडक्यांना टेकले होते. पांढरी माणसे खाटांमधून पावलांचा आवाज न करता ये-जा करीत होती. गुंगीच्या औषधाचा पेला पुढे आला की रावजी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे सरके. आरोग्यशाळा चालवणाऱ्या वृद्ध वैद्यांचा पट्टशिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला घाई फार. त्याने खुणेने दोन सेवकांना बोलावले. तिघे खाटेभोवती उभे राहताच रावजी हळूच म्हणाला, "ह्यास्नी तोंड न्हाई."

सेवक जागीच थबकले. रावजी एकेकाकडे बोट दाखवू लागला. "ह्याला बी न्हाई. त्याला बी न्हाई."

शिष्याने चिडून मान फिरवली, तेव्हा कोपऱ्यातल्या घंगाळातल्या पाण्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. दोन डोळे, आणि त्याखाली नुसतेच सपाट, पांढरे काहीतरी. नकळत तो कापडावरून आपले ओठ चाचपू लागला.

तो तडक वैद्यांकडे गेला. "गुरुजी, त्याला काही कळत नाही. भ्रम झालाय. हातपाय बांधून शस्त्रकर्म उरकून टाकू, नाहीतर उशीर होईल."

वैद्य उठले. त्यांनी प्रथम अनसाबाईला आत बोलावले. मग ते रावजीसमोर जमिनीवर बसले आणि एक चमत्कारिक प्रकार आरंभला. त्यांनी तोंडावरचे कापड खाली ओढले, वर केले, पुन्हा खाली ओढले. दिवस कलत चालला होता, आणि ज्यांनी हाती शस्त्र धरायचे ते फडके खालीवर करीत बसले होते. शिष्याचा जीव टांगणीला लागला. शेवटी वैद्यांनी ते कापड रावजीच्याच हाती दिले.

रावजीने ते वैद्यांच्या तोंडावर बांधले. मग एक बोट आत सारून पाहिले.

"आत हाय," तो बहिणीला म्हणाला.

"हाय नव्हं? त्येच बाबा हायती," अनसाबाई म्हणाली. "त्ये तुज्या पोटातली घाण काढत्याल. औशद प्यालास की झोप लागंल."

"उठल्यावर?"

"उठल्यावर म्या हितंच आसंन."

रावजीने पेला घेतला.

गळू फुटण्यापूर्वीच निघाले. हात धुताना शिष्याने विचारले, "गुरुजी, एवढा वेळ घालवलात. तेवढ्यात तो गेला असता तर?"

"बांधला असता तर तो धडपडला असता, आणि माझा हात चुकला असता," वैद्य म्हणाले. "त्याला भ्रम झाला नव्हता, बाळा. जे दिसलं तेच त्यानं सांगितलं. कापड त्याच्या रक्षणासाठी आहे हे आपल्याला ठाऊक. त्याला कुणी सांगितलं? त्याला कळत नाही हे सांगायला तू माझ्याकडे आलास, त्याच्याशी मात्र एक शब्द बोलला नाहीस. ज्याला उमजायला वेळ लागतो, त्याला तो वेळ देणं हाही उपचारच आहे."

शिष्य खाली मान घालून रुग्णांत परतला. रावजीच्या शेजारच्या खाटेवर एक व्यापारी बरेच दिवस पडून होता. मोठा व्यवहारी, बोलण्यात चतुर. त्याने शिष्याला जवळ बोलावले.

"मलाही तसंच दिसतं हो," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण शहाणा म्हणवणाऱ्या माणसाला असं बोलता येत नाही."

शिष्याने तोंडावरचे कापड खाली केले आणि तो त्याच्या उशाशी बसला.

"सांगा," तो म्हणाला, "आणखी कशाची भीती वाटते?"