कोपऱ्यातली शेवंता

कॅमेऱ्यात फिल्म घालणं लोकांनी सोडून दिलं होतं, त्या काळची गोष्ट. जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात एक रुंद नजरेची म्हातारी लेन्स होती. तिला मधलं लख्ख दिसे, कोपरे मात्र अंधुक. कित्येक वर्षं ती लहान कॅमेऱ्यावर होती. त्याची चौकट लहान, तिथे कोपरे कापलेच जात, त्यामुळे तिचं उणं कुणाला कळलं नव्हतं.

शेजारची नवी लेन्स म्हणाली, "मोठ्या कॅमेऱ्यावर जाऊ नकोस गं. अख्खी नजर उघडी पडेल, लोक हसतील."

पण रेवती नावाच्या फोटोग्राफरने स्वस्त मिळते म्हणून तिलाच घेतलं आणि मोठ्या कॅमेऱ्याला लावलं.

रेवतीची अंबूमावशी अंथरुणाला खिळली होती. घर एका खोलीचं. सगळं गोत फोटोसाठी पलंगाभोवती दाटीने उभं राहिलं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून घराने तोडलेली मावशीची धाकटी लेक शेवंता दारातच थांबली. ती नेमकी आपल्या कोपऱ्यात आहे, हे लेन्सने ओळखलं. तिने जीव एकवटला, तरी शेवंताचा चेहरा धूसरच आला.

मावशीचा थोरला मुलगा फोटो बघून म्हणाला, "कोपरा खराब आलाय. तेवढा कापून टाक, रेवती."

लेन्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीने त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "कापू नकोस गं. इतकी वर्षं आपण तेच केलं."

थोरला दारापाशी जाऊन म्हणाला, "शेवंते, आत ये. आईजवळ बस."

रेवतीने कॅमेरा पुन्हा उचलला.